राज्यपालांना पत्रे लिहिणारा मंत्री

माननीय राज्यपाल, महाराष्ट्र राज्य यांस,



२०१२ साली केंद्रीय आदिवासी कार्य मंत्र्यांनी नऊ राज्यांच्या राज्यपालांना पत्र धाडले. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांसाठी राज्यपालांच्या हाती जे अधिकार दिले आहेत ते वापरावेत, असा त्या पत्राचा आग्रह होता. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्रही होता. म्हणजे ते पत्र आपल्या पदाच्या नावे मुंबईलाही आले होते. ते पाठवणाऱ्या मंत्र्याचे नाव व्ही. किशोरचंद्र देव. महाराष्ट्रात हे नाव फारसे कुणाला आठवत नाही आणि आंध्रातही आता ते मागे पडले आहे. पण त्यांच्या कारकिर्दीत जे घडले, आणि जे घडता घडता राहून गेले, त्याचा थेट संबंध आपल्या सहीशी आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

देव यांचा जन्म १९४७ सालचा, उत्तर आंध्रातल्या कुरुपामच्या जमीनदार घराण्यातला. पूर्व घाटाच्या डोंगरांनी वेढलेला, ओडिशाला लागून असलेला हा मुलूख. तिथे डोंगरातल्या आदिवासी भागाला इंग्रजांच्या काळापासून ‘एजन्सी’ म्हणतात. देव विशीत होते तेव्हा त्यांच्या घराभोवतीचा हा सगळा टापू पेटला होता. सावकारांनी आणि मैदानातून आलेल्या शेतकऱ्यांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्या होत्या. ऑक्टोबर १९६७ मध्ये पार्वतीपुरमजवळच्या लेविडी गावात परिषदेला निघालेल्या दोन आदिवासींना गोळ्या घालून मारले गेले आणि श्रीकाकुलमचा सशस्त्र उठाव सुरू झाला. उठाव सरकारने दडपला. पण त्याच काळात आंध्रच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली एक विनियम काढला. १९५९च्या जमीन हस्तांतरण विनियमाला १९७० साली जी दुरुस्ती झाली तिने अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासीने बिगरआदिवासीला विकण्यावरही बंदी आली. एवढेच नाही, तर बिगरआदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीची होती असे गृहीत धरायचे आणि तसे नसल्याचा पुरावा ताबेदाराने द्यायचा, अशी तरतूद झाली. तिची अंमलबजावणी आजही अर्धवट आहे. पण तिथला आदिवासी कोर्टात उभा राहतो तो याच विनियमाच्या बळावर.

राज्यपालांच्या एका सहीने काय होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण देशात शोधून सापडणार नाही.

१९७७ मध्ये, वयाच्या तिशीत, देव पार्वतीपुरम या राखीव मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९८० आणि १९८४ मध्येही तेच निवडून आले. चरणसिंग यांच्या अल्पजीवी सरकारात ते पोलाद, खाणी आणि कोळसा खात्याचे राज्यमंत्री होते. पुढे खाणींच्या करारांवर ते तुटून पडले तेव्हा ‘यांना उद्योगातले काय कळते’ असे कुणाला म्हणता आले नाही. १९९४ ते २००० ते राज्यसभेत होते. २००४ मध्ये पुन्हा लोकसभेत आले आणि २००९ मध्ये नव्याने तयार झालेल्या अराकू मतदारसंघातून जिंकले. पक्ष बदलले, पक्षांची नावे बदलली, मधे मोठा खंडही पडला. सत्तेच्या राजकारणात रुळलेल्या माणसाची ही कारकीर्द नव्हे. पण संसदेच्या समित्यांत बारकाईने काम करणारा सभासद म्हणून त्यांची ओळख होती, आणि त्यांचे सगळ्यात मोठे काम मंत्री होण्याआधीच, अशाच एका समितीत झाले.

२००५च्या डिसेंबरात वनहक्क विधेयक संसदेत आले. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या, पण सरकारी दप्तरात ‘अतिक्रमणदार’ ठरलेल्या माणसांना हक्क द्यायचे, हा त्याचा हेतू. मूळ मसुदा मात्र जेमतेम होता. २५ ऑक्टोबर १९८०च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवा, असे तो म्हणत होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद सातपुड्यातल्या किंवा पूर्व घाटातल्या माणसाने आणायचा कुठून? विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि समितीचे अध्यक्ष झाले देव. व्याघ्रप्रेमी, वनखाते, आदिवासी संघटना, सगळ्यांना ऐकून मे २००६ मध्ये समितीने जो अहवाल दिला त्याने विधेयकाचा नूरच पालटला. अखेरची तारीख १३ डिसेंबर २००५पर्यंत आणावी, आदिवासींखेरीज जंगलावर जगणाऱ्या इतर पारंपरिक समाजांनाही सामावून घ्यावे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन असावे, अशा त्या शिफारशी. सरकारने त्या सगळ्या जशाच्या तशा उचलल्या नाहीत. जमिनीला चार हेक्टरांची मर्यादा आली, इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांच्या वास्तव्याची अट आली. तरी डिसेंबर २००६ मध्ये जो कायदा झाला, ज्याच्या उद्देशिकेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे, त्यावर या समितीचा हात स्पष्ट दिसतो.

१२ जुलै २०११ रोजी देव आदिवासी कार्य आणि पंचायत राज या खात्यांचे मंत्री झाले. पाच वर्षांपूर्वी ज्या कायद्याला त्यांनी आकार दिला, त्याची अंमलबजावणी आता त्यांच्या खात्याकडे होती. आदिवासी कार्य मंत्रालय स्थापन झाले १९९९ साली. शिष्यवृत्त्या, आश्रमशाळा, अनुदाने असे त्याचे काम. वनहक्कांचा विषय त्याच्याकडे आला मार्च २००६ मध्ये, तोवर तो पर्यावरण मंत्रालयाकडे होता. जंगल वनखात्याच्या ताब्यात, खनिजे खाण खात्याकडे, जमीन राज्याच्या महसूल खात्याकडे, पोलीस गृहखात्याकडे. आदिवासी मंत्र्याच्या हाती काय? कागद आणि लेखणी. देव यांनी तेच हत्यार केले.

पहिला मोठा वार त्यांनी स्वतःच्याच मतदारसंघात केला. अराकूच्या परिसरातले डोंगर दुरून पाहिले तर माथ्यावर सपाट दिसतात. त्या सपाट माथ्यांत बॉक्साइट आहे. पावसाचे पाणी तोच थर धरून ठेवतो आणि उतारावरच्या झऱ्यांतून वर्षभर सोडतो. उतारावर सिल्व्हर ओकच्या सावलीत आदिवासींची कॉफी उभी असते, झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. माथा खरवडला की हे सगळे कोरडे पडणार, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै १९९७च्या समता निकालात, आणि तेही याच परिसरातल्या बोर्रा भागातल्या खाणपट्ट्यांच्या प्रकरणात, अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खासगी कंपन्यांना खाणींसाठी देता येणार नाही असे सांगितले होते. निकालाला आधार होता तो १९७०च्या त्याच विनियमाचा.

मग पळवाट निघाली. खाण राज्याच्या खनिज विकास महामंडळाने काढायची आणि खनिज खासगी शुद्धीकरण कारखान्यांना पुरवायचे. असे करार जिंदाल समूहाशी आणि रास अल खैमाच्या भागीदारीतल्या कंपनीशी झाले होते. देव यांनी आंध्रच्या राज्यपालांना लिहिले, की पाचव्या अनुसूचीचे अधिकार वापरा आणि हे करार रद्द करा. खाणी आल्या तर या डोंगरांत माओवाद्यांना नवे बळ मिळेल, असेही त्यांनी बजावले. राज्यात सरकार त्यांच्याच काँग्रेस पक्षाचे, केंद्रात तेही त्याच पक्षाचे मंत्री. तरीही पत्र मुख्यमंत्र्यांच्या मर्जीसाठी थांबले नाही. ते सरळ राज्यपालांकडे गेले, कारण घटनेने अधिकार तिथे ठेवला आहे.

राज्यपालांनी करार रद्द केले नाहीत. पण खाणीही सुरू झाल्या नाहीत. विषय उघड्यावर आला होता, एजन्सीतल्या गावागावांत विरोध उभा होता, आणि एका केंद्रीय मंत्र्याचा आक्षेप लेखी नोंदला गेला होता. २०१५ साली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने खाणींसाठी नवा आदेश काढला, लोक पुन्हा रस्त्यावर आले, तो स्थगित ठेवावा लागला आणि २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर रद्दच झाला. याचे श्रेय एकट्या देव यांना देणे एजन्सीतल्या माणसांवर अन्यायाचे होईल. लढले ते. पण दिल्लीत खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्यांच्या बाजूने सही केली, याचा त्यांना आधार होता.

दुसरा प्रसंग ओडिशातल्या नियमगिरीचा. तो देशभर गाजला, त्यामुळे त्याचा तपशील थोडक्यात. डोंगरिया कोंध आदिवासींचा हा डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचे ठाणे मानला जातो. पायथ्याशी लांजीगढला वेदांत कंपनीचा शुद्धीकरण कारखाना आणि माथ्यावर बॉक्साइट. जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना ऑगस्ट २०१० मध्ये परवानगी नाकारली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. राज्य सरकारने त्यासाठी फक्त बारा गावे निवडली. देव यांच्या मंत्रालयाने हरकत घेतली, की डोंगरावर हक्क सांगणारी गावे याहून कितीतरी जास्त आहेत, बाराच का? ती हरकत ऐकली गेली नाही.

जुलै २०१३ ते ऑगस्ट २०१३. पावसाळ्याचे दिवस, डोंगरातल्या पाऊलवाटा. रायगडा जिल्ह्यातली सात आणि कालाहांडीतली पाच गावे. निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश, भोवती सशस्त्र पोलीस, आणि मधे जमिनीवर बसलेली बायामाणसे. एकेक जण उठून कुवी भाषेत सांगत होता, की हा डोंगर आम्ही देणार नाही. काही गावांत मतदार इतके थोडे की बोटांवर मोजावेत. १९ ऑगस्टला जरपा गावात शेवटची ग्रामसभा झाली. बाराच्या बारा ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला अंतिम नकार कळवला. राज्य सरकारने निवडलेली गावेही फुटली नाहीत. हे ज्या कायद्यामुळे शक्य झाले तो २००६चा वनहक्क कायदा.

महोदय, इथून महाराष्ट्राकडे येऊ.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यायचा. वनखाते म्हणे, १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार बांबू हे झाड आहे. गाव म्हणे, २००६चा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. देव मंत्री झाले ते त्यानंतर अडीच महिन्यांनी. एका गावाला मंत्री येऊन पुस्तक देऊ शकतो. हजारो गावांचे काय? सप्टेंबर २०१२ मध्ये देव यांच्या मंत्रालयाने वनहक्क नियमांत दुरुस्ती केली आणि गौण वनोपजाच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या समितीने द्यायचे, हा देशाचा नियम झाला.

याचा अर्थ विदर्भात मे महिन्यात फिरले की कळतो. तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. पहाटे अंधारात घरातली सगळी माणसे जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पाने घेऊन परततात आणि दुपारभर अंगणात बसून सत्तर पानांचा एक असे पुडे बांधतात. संध्याकाळी फळीवर मोजणी. पूर्वी फळीवर ठेकेदाराचा मुंशी बसायचा. शेकड्यामागे चार-पाच पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला टाकायचा, त्यांचे पैसे नाहीत. २०१३पासून विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. तिथे वहीत आकडे लिहिणारे पोरगे गावचेच असते आणि मजुरीबरोबर विक्रीतला नफाही गावात येतो. दर वर्षी सगळे सुरळीत होते असे नाही. व्यापारी पैसे थकवतात, कधी लिलावाला कुणी फिरकतच नाही. पण वाद घालायचा तो आता गावाने, स्वतःचा माल विकणारा म्हणून.

आणि याच वळणावर महाराष्ट्राच्या राज्यपालांनी ते केले जे देव यांच्या पत्रानंतरही आंध्रच्या राज्यपालांनी केले नव्हते. के. शंकरनारायणन राज्यपाल असताना, २०१३ साली, राजभवनात आदिवासी कक्ष सुरू झाला. २०१४मध्ये पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायत विस्तार कायद्याचे, नियम आले आणि त्याच वर्षी राज्यपालांच्या अधिसूचनेने राज्याच्या गौण वनोपज कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल करून बांबू आणि तेंदूवरची ग्रामसभांची मालकी पक्की केली. पुढे सी. विद्यासागर राव यांच्या काळात आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना जाऊ लागला. १८ मे २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, भगतसिंह कोश्यारी यांनी आणखी एक अधिसूचना काढली. वनहक्क कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम आहे. दावा फेटाळला की आदिवासीला उच्च न्यायालयच गाठावे लागे. या अधिसूचनेने महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रापुरता त्या कलमात बदल केला आणि विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. संसदेने केलेला कायदा, आणि राज्यपालांनी आपल्या सहीने तो आदिवासींच्या सोयीसाठी वाकवला. पाचव्या अनुसूचीचा पाचवा परिच्छेद याचसाठी आहे.

या तीन राज्यपालांपैकी कुणी काँग्रेसचे होते, कुणी भाजपचे. म्हणजे आपल्या पदाला ही परंपरा आहे आणि ती कुणा एका पक्षाची नाही.

ती परंपरा पुढे नेण्याची वेळ आता आली आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

२००९च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले होते, की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभांची संमती जोडा. नियमगिरीचा पाया तोच. फेब्रुवारी २०१३मध्ये, देव मंत्रिमंडळात असतानाच, त्यांच्याच सरकारने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबलचक प्रकल्पांना त्यातून सूट दिली. देव यांच्या कारकिर्दीची मर्यादा इथे उघडी पडते. एकट्या मंत्र्याच्या लेखणीने सरकारचा कल फिरत नाही. त्यानंतर २८ जून २०२२ रोजी नवे वनसंवर्धन नियम आले आणि मंजुरी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती मिळाली आहे की नाही हे केंद्राने तपासण्याची अटच गेली. ती जबाबदारी राज्यांवर ढकलली गेली, तीही केंद्राच्या मंजुरीनंतर. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी हे नियम थांबवा म्हणून केंद्राला पत्र लिहिले. ते भाजपच्या सरकारने नेमलेले अध्यक्ष होते. नियम थांबले नाहीत, आणि पुढच्या वर्षी मुदत संपण्याआधीच चौहान पदावरून दूर झाले.

याचा फटका महाराष्ट्रात कुठे बसतो? गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ते ठाणे, दर जानेवारीत तिथे परिसरातल्या गावांची यात्रा भरते. डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ साली खाणपट्टा दिला गेला. परिसरातल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षे विरोधाचे ठराव केले. खाणीचे उत्पादन वाढवण्यासाठी ऑक्टोबर २०२२मध्ये जनसुनावणी झाली ती गडचिरोली शहरात, या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. २०२५मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने लोहखनिज प्रकल्पासाठी जिल्ह्यातली आणखी नऊशेहून अधिक हेक्टर वनजमीन देण्याची तत्त्वतः शिफारस केली. त्यात एक लाखाहून अधिक झाडे जाणार आहेत.

गडचिरोलीला रोजगार नको असे कुणी म्हणत नाही. खाणीवर आणि कारखान्यात आज स्थानिक तरुण कामाला आहेत, त्यांच्या घरात पगार येतो, दुचाकी आल्या आहेत, पोरे इंग्रजी शाळेत जातात. तोही आदिवासींचाच अनुभव आहे आणि त्याला हिणवण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. प्रश्न एवढाच, की गावाला विचारले का? नियमगिरीत विचारले तेव्हा गाव नाही म्हणाले. एटापल्लीत विचारले तर एखादे गाव हो म्हणेल, एखादे अटी घालेल, एखादे नाकारेल. ते उत्तर गावाने द्यायचे आहे आणि झाडे तोडण्याआधी द्यायचे आहे.

म्हणून विनंती अशी, की महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात १९८०चा वनसंवर्धन कायदा लागू करताना त्यात एक बदल करणारी अधिसूचना आपण काढावी. ज्या ग्रामसभांच्या वनहक्कांवर परिणाम होणार आहे त्यांच्या लेखी संमतीशिवाय वनजमीन वळवण्याचा प्रस्ताव राज्याने पुढे पाठवू नये, एवढाच तो बदल. हा विनियम नव्हे, अधिसूचना आहे. त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीची अट तिला लागू होत नाही. हा अधिकार अमर्याद नाही, हेही खरे. आंध्रात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकभरतीसाठी राज्यपालांनी दिलेले शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये रद्द केले, कारण मूलभूत हक्कांना ओलांडून या अधिकाराचा वापर करता येत नाही. महाराष्ट्रातली २०१४च्या अधिसूचनेवर उभी असलेली पेसा भरतीही त्याच कात्रीत सापडली. निवड झालेली पोरे वर्षानुवर्षे नेमणुकीची वाट पाहत राहिली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना इतर आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या. पण ग्रामसभेची संमती कुणाच्याही मूलभूत हक्कावर घाला घालत नाही. उलट नियमगिरीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय राज्यपालांना हे करता येते का, यावर कायदेपंडितांत दुमत आहे. तो वाद सुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या आधीच्या अधिसूचना निघाल्याच. फाइल आपल्या कार्यालयातून सुरू होऊ शकते. मंत्रिमंडळाने विरोध केला तर तो विरोध कागदावर येईल, आणि १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासींच्या या राज्यात कोणते सरकार ग्रामसभेची संमती नको म्हणते, ते लोकांना कळेल.

दुसरी विनंती लहान आहे. अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल आपण राष्ट्रपतींना पाठवता. असे अहवाल उशिरा जातात आणि साचेबंद असतात, असे प्रा. व्हर्जिनियस खाखा समितीने २०१४मध्येच नोंदवले आहे. महाराष्ट्राचा अहवाल दर वर्षी मराठीत प्रसिद्ध व्हावा. किती वनहक्क दावे फेटाळले, किती अपिले मान्य झाली, किती हेक्टर वनजमीन कुणाला दिली, हे नंदुरबारच्या शिक्षकाला आणि मेळघाटातल्या ग्रामसभेच्या अध्यक्षाला वाचता यावे.

देव यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०१४मध्ये आंध्रच्या विभाजनाच्या रागात तिथली काँग्रेस वाहून गेली आणि अराकूत देवही पडले. २०१९मध्ये ते तेलुगू देसमकडून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याच मुलीला, श्रुती देवी यांना, त्यांच्यासमोर उभे केले. दोघेही हरले. बॉक्साइट अडवल्याबद्दल डोंगराने त्यांना मते दिली नाहीत. वनहक्क कायद्याच्या समितीचे अध्यक्षपद, तीन वर्षांचेही नसलेले मंत्रिपद आणि पत्रांचा गठ्ठा, एवढी या माणसाची कमाई. पत्रांतली काही फळाला आली, काहींना साधी पोचही मिळाली नसेल.

आपल्याला मतांसाठी कुणाकडे जायचे नाही. मसुद्याला नमुना हवा असेल तर १८ मे २०२०ची अधिसूचना आपल्याच दप्तरात आहे. नव्या मसुद्यावर राज्याच्या १३ जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांची मते मागवावीत, तो माडिया, गोंडी, कोरकू, भिली आणि वारली बोलणाऱ्या गावांत त्यांच्या बोलीत वाचून दाखवला जावा आणि त्यासाठी सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता एटापल्ली, धडगाव, धारणी आणि जव्हार इथे ठेवावी. मे महिना टाळावा. तेव्हा गावे तेंदूच्या कामात असतात.

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक